बहुमत आहे म्हणून काहीही?
वर कोणीतरी म्हटलंय की लोकांनीच निवडून दिलंय ना, मग कोर्टाने सरकारला कशाला अडवायचं. अहो पण घटना असतेच मुळी त्यासाठी, निवडून आलेल्यांनाही वेसण हवी म्हणून! जर्मनीचं बघा, २३ मार्च १९३३ ला संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करायचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला, कागदावर दोन तृतीयांश बहुमत वगैरे सगळं नियमात (कम्युनिस्ट खासदार आधीच तुरुंगात नाहीतर फरार, ते सोडा). तेव्हाची जर्मन राज्यघटना, म्हणजे वायमारची घटना, रद्द पण नाही केली, नुसती पडून राहिली. म्हणून १९४९ ला त्यांनी नव्या राज्यघटनेत कलम ७९(३) घातलं, माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाही ही तत्त्वं कितीही बहुमत असलं तरी दुरुस्ती करून काढताच येत नाहीत, आणि त्यावर लक्ष ठेवायला वेगळं घटना कोर्ट. आता ह्याला अडवणूक म्हणायचं तर म्हणा बापडे.