ट्रायलचा अँटिव्हायरस काढला, तरी डिफेंडर चालू होत नाही

नवखा११
विंडोज ११, होम एडिशन. लॅपटॉपसोबतच एक अँटिव्हायरस आला होता, त्याची मुदत संपली म्हणून सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केला. यादीतून नाव गेलं, पण प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर तसंच आहे. डिलीट करायला गेलं की 'ॲक्सेस डिनाइड', ॲडमिन असूनही. विंडोज सिक्युरिटीत अजून त्याचंच नाव दिसतं आणि डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, रिअल-टाइम प्रोटेक्शन चालू करता येत नाही. लॅपटॉप दोनदा बंद करून चालू केला. सेफ मोडमधून फोल्डर उडवू, की सरळ फॉरमॅट मारू?

खटपट्या
फॉरमॅट नको आणि फोल्डरला तर हातच लावू नका.

आधी एक साधी गोष्ट. 'शट डाउन' करून चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी जसेच्या तसे उचलले जातात. मेन्यूतून 'रीस्टार्ट' निवडा. अर्धवट अनइन्स्टॉल पुष्कळदा एवढ्यानेच पूर्ण होतो.

तरी नाव राहिलंच, तर त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल लागेल. अँटिव्हायरस म्हणजे नुसतं फोल्डर नसतं. त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्ये बसलेले असतात, तेच स्वतःच्या फाइलींची राखण करतात. 'ॲक्सेस डिनाइड' तिथूनच येतं. शिवाय विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये त्याची नोंद असते. ती नोंद आहे तोवर पहारेकरी आहे असं समजून डिफेंडर मागे सरकतो.

मॅकॲफीचं एमसीपीआर, अव्हास्टचं अव्हास्ट क्लिअर, कॅस्परस्कीचं केएव्हीरिमूव्हर. नॉर्टनच्या टूलचं नावच 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल' आहे, त्यामुळे ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन 'रिमूव्ह ओन्ली' निवडा, नाहीतर काढलेला पाहुणा परत येऊन बसेल. टूल कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं. गुगलवर पहिली येणारी 'फ्री अनइन्स्टॉलर' छापाची जाहिरात नको.

सीमोल्लंघन
वरच्याला पुस्ती. पुण्याच्या क्विक हीलचा अनइन्स्टॉलर मध्येच विचारतो : अपडेटच्या फाइली ठेवून काढू की पूर्ण काढू? घाईत नेक्स्ट-नेक्स्ट केलं तर फाइली मागे राहू शकतात. 'पूर्ण काढा'वर टिक करा.

कोणताही काढण्याआधी दोन गोष्टी तपासा. क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली अडकवून ठेवण्याच्या जागेत) तुमच्या कामाची फाइल चुकून अडकली नाही ना, आणि व्हॉल्ट किंवा लॉकरमध्ये काही कुलूपबंद ठेवलं नाही ना. व्हॉल्टमधल्या फाइली एन्क्रिप्टेड असतात, सॉफ्टवेअर गेलं की त्या उघडणं कठीण. सेटिंग्जमध्ये सेल्फ प्रोटेक्शन असेल तर तेही आधी बंद करा.

बारा_भानगडी
सेफ मोडबद्दल, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरांवर चालू करण्याबद्दल. ईसेटचं टूल सेफ मोडमध्येच चालवायचं असतं, अव्हास्टचंही तिथेच चांगलं चालतं. पण साधा अनइन्स्टॉल सेफ मोडमध्ये करू नका. विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस तिथे चालू नसते. त्या सर्व्हिसवर अवलंबून असलेलं, एमएसआय पद्धतीचं सॉफ्टवेअर एरर देऊन अडून बसतं.

जायचं कसं : शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ हा आकडा. इथेच लोक फसतात. होम एडिशनमध्येसुद्धा डिस्क कुलूपबंद ठेवणारं 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू असू शकतं, मग मध्येच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच बघून कागदावर उतरवा, मग शिफ्ट दाबा.

आणि ड्रायव्हरच्या फाइली हाताने उडवल्या, रजिस्ट्रीतला (विंडोजच्या नोंदवहीतला) 'अपर फिल्टर्स'मधला उल्लेख मात्र राहिला, तर विंडोज नसलेला ड्रायव्हर शोधत बसतं. कीबोर्डच्या बाबतीत घडलं तर कीबोर्ड मेला, डिस्कच्या बाबतीत घडलं तर निळा पडदा.

नवखा११
रीस्टार्टने काम झालं नाही. कंपनीचं टूल चालवलं, पुन्हा रीस्टार्ट. फोल्डर गेलं, डिफेंडर चालू! पण आता वायफाय जोडलेलं दिसतं आणि एकही पान उघडत नाही.

खटपट्या
नेटवर्क फिल्टर, म्हणजे नेटवर नजर ठेवणारा अँटिव्हायरसचा तुकडा, मागे राहिलाय. विंडोज + आर, त्यात एनसीपीए डॉट सीपीएल. वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीत त्या कंपनीच्या नावाची ओळ असेल तर ती निवडून 'अनइन्स्टॉल'. नुसती टिक काढणं हा तात्पुरता उपाय.

ओळच नसेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून 'नेटश विनसॉक रिसेट' (netsh winsock reset) ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या आणि रीस्टार्ट करा. सेटिंग्जमधला 'नेटवर्क रिसेट' अगदी शेवटी. त्यात वायफायचे पासवर्ड आणि व्हीपीएन सगळं जातं.

ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्येच एफएलटीएमसी ही आज्ञाही देऊन बघा. फाइल फिल्टरांची, म्हणजे फाइलींवर नजर ठेवणाऱ्या ड्रायव्हरांची, यादी येते. 'अल्टिट्यूड'च्या रकान्यात ३,२०,००० ते ३,२९,९९८ ही पट्टी अँटिव्हायरसांसाठी राखीव आहे. ३२८०१० वर डब्ल्यूडीफिल्टर दिसेल, तो डिफेंडरचाच, त्याला हात नको. त्या पट्टीत दुसरं कोणी नसेल तर फाइलींच्या बाजूने घर रिकामं झालं.

नवखा११
ओळ सापडली, अनइन्स्टॉल केली, नेट चालू. एफएलटीएमसीत त्या पट्टीत फक्त डब्ल्यूडीफिल्टर.

सीमोल्लंघन
छान. ब्राउझरमधलं त्याचं एक्स्टेन्शन वेगळं काढावं लागतं, बघून घ्या. आणि सॉफ्टवेअर काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नाही. ट्रायलला कार्ड जोडलं असेल तर कंपनीच्या साइटवर लॉगिन करून ऑटो-रिन्यूअल बंद करा, शिवाय बँकेच्या ॲपमधला ई-मँडेटही (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द करा. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज यायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो मेसेज ऑफरांच्या ढिगात सहज बुडतो.