मदत हवी आहे: नाशिकमध्ये पहिली खाऱ्या पाण्याची टाकी, बजेट ३० हजार

नमस्कार मंडळी,

घरी गोड्या पाण्याची टाकी बरीच वर्षं आहे. गप्पी-मॉलीपासून सुरू झालेलं प्रकरण आता झाडांची टाकी, सीओटूचा सिलिंडर, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) इथपर्यंत आलंय. आता डोक्यात खारं पाणी शिरलंय. प्रवाळाचा हट्ट नाही. क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा), साफसफाईला कोळंबी आणि दोन-चार गोगलगायी, बस. लेकीला निळा टँग हवा होता, पण तो फूटभर वाढतो आणि त्याला सहा फुटी टाकी लागते हे कळल्यावर तो विषय मिटला (सध्यापुरता).

बजेट ३० हजार, मासे सोडून सगळं धरून. हजार-दोन हजार इकडेतिकडे चालतील, त्यापुढे घरात चौकशी समिती बसेल.

टाकी २ x १.५ x १.५ फूट, ८ मिमी काच, इथल्याच काचवाल्याकडून करून घेईन म्हणते. हिशेबाने सव्वाशे लिटर होतात. वरून थोडी रिकामी आणि आत दगड-वाळू, म्हणजे पाणी शंभरच्या आसपास. दुकानदाराने जी यादी दिली तिच्यात चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), संप (खालची फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारा), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), भारीतला एलईडी सगळं आहे आणि बेरीज लाखाला टेकते. यातलं काय वगळता येईल विचारलं तर म्हणाला, "काहीच नाही."

माझी खरी अडचण हवामानाची. इंदिरानगरला शेवटचा मजला, हॉलमध्ये एसी नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० पर्यंत जातो आणि जानेवारीत पहाटे १० च्या खाली. चिलर घेतला तर बजेट तिथेच संपतं. मग तो घ्यायचाच का?

दुसरं पाणी. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येतं, स्वयंपाकघरात आरओ आहे. तो पुरेल का? आणि तिसरं, हसू नका: माहेरी पिंपळगावला द्राक्षबाग आहे, तिथे ब्रिक्स (रसातली साखर) बघायचा रिफ्रॅक्टोमीटर पडून असतो. तो खारेपणा मोजायला चालेल का? तेवढेच पैसे वाचतील.

सासूबाईंचा मुद्दाही नोंदवते. मिठाचं पाणी घरात आणलं की लोखंड आणि फरशी दोन्ही जाणार, असं त्यांचं म्हणणं आहे.

खारा वारा:
ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो मला फार आवडला. नाही चालणार. ब्रिक्सची पट्टी साखरेची असते. समुद्राचं पाणी तिच्यावर अगदी तळाशी दिसेल आणि ३३ आहे की ३६ हे नीट कळणारच नाही. तुम्हाला हवं ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६. खाऱ्या पाण्याचा रिफ्रॅक्टोमीटर वेगळा मिळतो, तो घ्या आणि ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने तपासून घ्या. प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण काट्याला बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो.

आता पाणी. माझं मत स्पष्ट आहे: पैसे आधी पाण्यावर, मग तापमानावर, आणि उरले तर दिव्यावर. दुकानात उलटं शिकवतात, कारण दिवा दिसतो. घरचा आरओ चालेल, पण त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर आणि मिनरल काडतूस असतं, ते चवीसाठी पाण्यात क्षार परत मिसळतं. मेम्ब्रेनमधून येणारी नळी त्याच्या आधीच वळवून घ्या आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारं) काडतूस लावा. टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. वेगळं आरओ-डीआय यंत्र घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्तात होतं.

मीठ मात्र मरीन मीठच. किराणा दुकानातलं खडेमीठ म्हणजे जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि ४०० च्या वर कॅल्शियम असतं, ते कुठून आणणार? लिटरला ३६ ग्रॅम धरा. शंभर लिटरला ३.६ किलो, पुढे दर आठवड्याला १० लिटर बदलायला ३६० ग्रॅम. २० किलोची बादली वर्षाच्या आसपास जाते.

गंगापूररोडकर:
चिलर नको. मी नाशिकमध्येच आहे, तीन फुटी टाकी, चिलरशिवाय. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, हाच आपला फायदा. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे दोन छोटे पंखे लावले की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा निम्मंही काम करत नाही. जूनमध्ये आपल्याकडेही हवा दमटते, पण तोवर पारा उतरलेला असतो. वरचं काचेचं झाकण काढा, जाळी लावा (गोबी उडी मारतात, जाळी विसरू नका), टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका आणि दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावा. पाणी २४ ते २७ अंशांत असावं. क्लाउनफिश २८-२९ सहन करतात, पण पाणी सतत ३० च्या वर राहिलं तर विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो, आणि मग खरी अडचण.

पंख्यांमुळे पाणी रोज आटतं आणि मीठ मागेच राहतं. शंभरातलं दोन लिटर आटलं तर ३५ चं ३५.७ होतं. म्हणून रोज भर घालायची ती साध्या आरओ-डीआय पाण्याची, खाऱ्याची नाही. काचेवर पातळीची खूण करून ठेवा, तेवढं पुरे. सुट्टीत गावाला जात असाल तर मात्र आपोआप भर घालणारा एटीओ लागेल.

थंडीसाठी १०० वॅटचा हीटर पुरतो. मे महिन्यात वळवाच्या वादळात वीज जाते तेव्हा वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा छोटा पंप) इन्व्हर्टरवर ठेवा, तो फार थोडे वॅट खातो. हीटर इन्व्हर्टरवर नको.

पाथर्डीफाटा:
एवढी खटपट कशाला? जुहूवरून दोन कॅन भरून आणा की समुद्र!

खारा वारा:
@पाथर्डीफाटा: मुंबईच्या किनाऱ्याला काय काय मिसळतं हे माहीत असूनही? आणि दर आठवड्याला कसारा घाट कोण उतरणार? :)

कोकणकन्या:
दगडांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. "लाइव्ह रॉक" म्हणून जो दगड विकतात तो बहुतेकदा प्रवाळाचा सांगाडा असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे हे सगळे आहेत. दुकानदार "सगळे घेतात" म्हणेल, तुम्ही घेऊ नका. सिरॅमिकचे कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतात, ते घ्या. गोदाकाठचा काळा दगड फुकट असला तरी घट्ट असतो. छिद्रं नाहीत म्हणजे जीवाणूंना राहायला जागा नाही, आणि तुमचा खरा फिल्टर तेच जीवाणू.

क्लाउनफिश हॅचरीतलेच मागा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) त्यांच्या प्रजननाचं तंत्र कधीच बसवलं आहे, समुद्रातून पकडलेले घ्यायची गरज नाही. हॅचरीतले कोरडं खाद्यही लगेच घेतात. आणि त्यांना ॲनिमोन (समुद्रात ते ज्याच्या आश्रयाला राहतात तो प्राणी) लागत नाही, तो खर्च विसरा.

द्राक्षकन्या (धागाकर्ती):
सगळ्यांचे आभार. चिलर गेला, यूव्ही गेला, संपही गेला. ब्रिक्सवाला रिफ्रॅक्टोमीटर माहेरीच राहू दे.

आता दोन गोष्टी. जुना कॅनिस्टर आणि झाडांचा दिवा वापरू का? आणि स्किमरचं काय करू?

खारा वारा:
दिवा वापरा, पण पाच-सहा तासच, नाहीतर शेवाळ. सीओटू आणि झाडांची माती या टाकीच्या जवळही आणू नका.

कॅनिस्टर चालेल, एक अट आहे. स्पंज दर आठवड्याला, बदलून काढलेल्या खाऱ्या पाण्यातच धुवायचा. आत घाण साठली की तिचंच नायट्रेट होत राहतं. त्या कॅनिस्टरमधून पूर्वी तांब्याचं औषध फिरवलं असेल तर मात्र सरळ बाद करा. तांबं थोडं जरी उरलं तरी कोळंबी आणि गोगलगायी मरतात, मासे ठणठणीत दिसतात आणि कारण सापडत नाही.

स्किमर शंभर लिटरला, तीन माशांवर आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणार असाल तर नको. ते पैसे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेटच्या टेस्ट किटला लावा. टाकी भरली की बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा टाका आणि जीवाणू वाढण्याची वाट बघा. अमोनिया चढेल, उतरेल, मग नायट्राइट तसंच. दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर लेकीला धीर द्या. मासे मुंबईहून आणणार असाल तर थर्मोकोलच्या डब्यात आणा, आणि दुकानाच्या पाण्याचा खारेपणा तिथेच विचारा. बरेच जण तो मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून घरी आल्यावर थेंबथेंब पाणी मिसळत तासभर तरी द्यावा.

द्राक्षकन्या (धागाकर्ती):
तांब्याचं औषध एकदा वापरलं होतं, पण बादलीत, कॅनिस्टरमध्ये नाही. म्हणजे तो पास.

नवा हिशेब: टाकी-स्टँड ९, दगड-वाळू ६, मीठ ६, डीआय काडतूस-टीडीएस मीटर २, रिफ्रॅक्टोमीटर २, टेस्ट किट २.५, वेव्हमेकर-हीटर-पंखे मिळून ३ हजार. साडेतीस. समिती बसणार नाही. सुतार रविवारी येतोय. स्टँड लोखंडी करू की लाकडी?

गंगापूररोडकर:
सासूबाई बरोबर आहेत, लोखंड नको. पाणी, काच, दगड मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास भार होईल, तेव्हा मरीन प्लायचा स्टँड करा, कडा सील करून घ्या, आणि टाकीखाली थर्मोकोलची शीट. प्लगचा बोर्ड स्टँडच्या आत नको, बाजूच्या भिंतीवर टाकीपेक्षा वर घ्या. प्रत्येक वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोल देऊन न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलावरूनच खाली गळतं, प्लगपर्यंत पोचत नाही. घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला याच फेरीत बघायला सांगा.