'भाविक' नेमकं कोणाला म्हणायचं?

पंचवटीकर
सिंहस्थाच्या तयारीच्या बातम्या सध्या रोज वाचतोय. 2027 साली किती भाविक येतील, भाविकांसाठी कुठे वाहनतळ, भाविकांना कुठला रस्ता. हा शब्द मला टोचतो. आमच्या घरी तो इतका स्वस्त नव्हता. आजी रोज पहाटे गंगेवर जायची (बाहेरच्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो). तिच्यासोबत वाड्यातल्या सात-आठ जणी असायच्या, पण त्यांतल्या कोणाला तिने कधी 'भाविक' म्हटल्याचं आठवत नाही. म्हणायची ती समोरच्या खोलीतल्या एका बाईला. त्या बाईकडे देव्हारा कसला, कोनाड्यात एक तसबीर. सणाच्या दिवशी देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी ती अंथरुणाला खिळलेल्या सासूला भरवायची. आजी म्हणायची, "बाई खरी भाविक."
मग रामकुंडात डुबकी मारणारा प्रत्येक जण भाविक कसा झाला?

शब्दवेडी
मूळ शब्द 'भाव', त्याला 'इक' प्रत्यय. म्हणून वि ऱ्हस्व. फलकांवर 'भावीक' दिसतं ते चूक. 'भावी'मुळे गोंधळ होत असावा.
तुमच्या आजींच्या तोंडी ते विशेषण आहे, बातमीत त्याचं नाम झालंय. मराठीत अशी विशेषणं सर्रास नामं होतात, त्याला हरकत नाही. अडचण अर्थाची आहे. वारकरी वारी करतो, माळकऱ्याच्या गळ्यात माळ असते, यात्रेकरू यात्रेला आलेला असतो. हे सगळं डोळ्यांना दिसतं, त्यामुळे मोजता येतं. भाविकपण आत असतं. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीसाठी त्र्यंबकेश्वरी दिंड्या येतात, त्यांतले वारकरी मोजता येतील. भाविक किती, हे कोण सांगणार?

निफाडहून
आमच्याकडे 'भाव' म्हटलं की आधी कांदा. लासलगावला आज काय भाव निघाला, हाच दिवसाचा पहिला प्रश्न. पण गंमत क्रियापदात आहे, बघा. कांद्याचा भाव निघतो, फुटतो, चढतो, पडतो. देवावरचा भाव मात्र 'ठेवतात', 'बसतो', 'उडतो'. "माझा त्याच्यावर भाव नाही बसला" असं माझी आई एका बुवाबद्दल म्हणाली होती, आणि घरातले सगळे पाया पडत असताना ती एकटी मागे उभी राहिली होती. बाजारातला भाव दुसरे ठरवतात, शेतकऱ्याचा त्यात काही इलाज नाही. हा दुसरा भाव ज्याचा त्याने ठेवायचा. आईचं ते मागे उभं राहणं मी विसरलेलो नाही. माझ्या लेखी त्या दिवशी त्या खोलीत तीच भाविक होती.

शब्दवेडी
क्रियापदांचं हे निरीक्षण फारच सुंदर. 'मनोभावे'सुद्धा याच घरातला. 'मनोभावे पूजा केली' असं आपण म्हणतो, म्हणजे तसं न करताही पूजा होते हे भाषेने आधीच मान्य केलंय.

गोदाकाठ
पंचवटीचा विषय निघालाच आहे तर काळाराम मंदिर विसरू नका. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. दार बंद करणारे स्वतःला भाविकच म्हणवत असणार. बाहेर ताटकळणाऱ्यांना त्या वेळी हा शब्द कोणी लावला असता का?

पंचवटीकर
प्रश्न मोलाचा आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. तो लढा माणूस म्हणून असलेल्या हक्काचा होता. आज आपण त्यांना 'भाविक' म्हटलं तर त्यांच्या म्हणण्याचा अर्थच बदलतो. आत उभे असलेल्यांबद्दलचा तुमचा प्रश्न मात्र शंभर टक्के खरा. माणसाला दारात अडवून आत हात जोडणाऱ्याला माझ्या आजीने तो शब्द दिला नसता.

गोदाकाठ
मान्य. माझं वाक्य घाईचं झालं.

नवखा
मी स्थानिक बातम्या लिहितो. मग 'पाच हजार भाविकांनी स्नान केलं' याऐवजी काय लिहू? 'लोकांनी' फार कोरडं वाटतं.

शब्दवेडी
'यात्रेकरू' लिहा. त्यात अपमान काही नाही आणि जे दिसलं तेवढंच सांगितलं जातं.

निफाडहून
आणि कोणी रामकुंडावर गर्दीत हरवलेल्या म्हातारीचा हात धरून तिला तिच्या माणसांपर्यंत पोहोचवलं, त्यात स्वतःचं स्नान राहून गेलं, असं कधी दिसलं, तर त्या बातमीत 'भाविक' लिहा. आमची हरकत नाही.