'जॉनी स्तेक्कीनो' : ओळखीचा हा घोळ सुटत का नाही?

प्रश्न : सायंप्रकाश

रोबेर्तो बेनिन्यी यांनी दिग्दर्शित केलेला आणि स्वतःच दुहेरी भूमिका केलेला 'जॉनी स्तेक्कीनो' (१९९१) हा इटालियन विनोदी चित्रपट मी नुकताच पहिल्यांदा पाहिला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. चेझेना या शहरात दिव्यांग मुलांची बस चालवणारा दान्ते हा भोळा, पण अगदीच धुतल्या तांदळासारखा नसलेला गृहस्थ आहे. हात थरथरत असल्याचे सोंग आणून विम्याचे पैसे उकळण्याचा त्याचा उद्योग चालू असतो. मारिया (निकोलेत्ता ब्रास्की) नावाची एक देखणी स्त्री त्याला योगायोगाने पाहते आणि थक्क होते, कारण तिचा नवरा, म्हणजे सिसिली बेटावरील पालेर्मो शहराचा माफिया म्होरक्या जॉनी स्तेक्कीनो, आणि हा बसचालक यांच्या चेहऱ्यांत तिळमात्र फरक नसतो. जॉनीने माफियाविरुद्ध तोंड उघडलेले असल्यामुळे शत्रू त्याच्या जिवावर उठलेले आहेत आणि तो स्वतःच्याच बंगल्यात लपून बसला आहे. मारिया दान्तेला प्रेमाची भूल घालून पालेर्मोला बोलावते, त्याचा पोशाख बदलते, त्याच्या तोंडात जॉनीची ती प्रसिद्ध दातकोरणी (इटालियनमध्ये 'स्तेक्कीनो') देते आणि त्याला गावभर मिरवू देते, म्हणजे गोळी लागायची ती त्याला लागावी.

माझी शंका अशी की, ओळखीच्या घोटाळ्यावर उभ्या असलेल्या बहुतेक विनोदी कथांत कोणी एक सरळ प्रश्न विचारला असता तर सगळा डोलारा कोसळला असता, असे प्रेक्षकाला वाटतच राहते. येथे तर दान्तेची गाठ मारेकऱ्यांशी पडते, पोलिसांशी पडते, एका मंत्र्याशीही पडते, आणि तरीही कोणी तो प्रश्न विचारत नाही. पाहताना मी पोट धरून हसलो. नंतर मात्र ही निव्वळ पटकथाकारांची सोय तर नव्हे, असे वाटू लागले. इटालियन विनोदी चित्रपटांचे जाणकार यावर काही सांगू शकतील का? उत्तरात शेवट उघड झाला तरी माझी हरकत नाही.

उत्तर : पडद्याआडून

बेनिन्यी आणि त्यांचे सहलेखक विन्चेन्झो चेरामी यांनी ही सोय पालेर्मोकडूनच उसनी घेतली आहे, असे मी म्हणेन. ज्या शहरात एका विशिष्ट गोष्टीचे नाव घ्यायचे नाही असा अलिखित दंडक आहे, त्या शहरात सरळ प्रश्न विचारणार कोण?

याचा पुरावा म्हणून मोटारीतला प्रसंग पुन्हा पाहावा. पालेर्मोत आल्यावर पाओलो बोनाचेल्ली यांनी साकारलेला वकील, जो दान्तेला मारियाचा काका म्हणून भेटतो, अत्यंत जड अंतःकरणाने सिसिलीवरच्या संकटांचा पाढा वाचू लागतो. पहिले संकट एटना ज्वालामुखी. पण तो निसर्गाचा कोप, त्याला माणूस काय करणार. दुसरे संकट दुष्काळ. त्यावर उपाय करता येईल, पण कोणी करत नाही. मग तो आवाज खाली आणतो आणि ज्या तिसऱ्या संकटामुळे साऱ्या जगात सिसिलीची मान खाली जाते, ज्याने माणसामाणसांत वैर पेरले, कुटुंबाला कुटुंबाविरुद्ध उभे केले, त्याकडे वळतो. प्रेक्षकाच्या ओठांवर तो शब्द आलेला असतो, आणि वकीलसाहेब हळहळत सांगतात, वाहतूक! रस्त्यांवर गाड्या फार झाल्या आहेत. दान्तेलाही ते मनापासून पटते. एवढ्या एका भाषणाने लेखकांनी पुढच्या सगळ्या घोळाची परवानगी काढून घेतली आहे, कारण येथील शहाणीसुरती माणसे मूळ मुद्दा सोडून बाकी सगळ्याबद्दल कळकळीने बोलतात, हे आपण मान्य करून बसलेलो असतो.

दुसरी युक्ती त्याहून चतुर आहे. दान्ते पालेर्मोत फळांच्या दुकानातून एक केळे लंपास करतो आणि नेमका त्याच सुमारास त्याच्यावर गोळीबार होतो. एका केळ्यासाठी हे लोक जीव घेतात, असा त्याचा पक्का समज होतो, आणि त्यानंतर जो कोणी त्याला गुन्हेगार म्हणतो त्याच्यापुढे तो केळ्याचीच कबुली देत सुटतो. तो पूर्ण निरपराध असता तर 'मी काय केले?' असे त्याने पहिल्याच झटक्यात विचारले असते आणि चित्रपट विसाव्या मिनिटाला आटोपला असता. पण त्याच्या पदरी खरोखरच एक छोटे पाप आहे, विम्याच्या लबाडीचे धरले तर दोन आहेत, त्यामुळे आरोप ऐकताना त्याला नवल वाटत नाही, फक्त शिक्षा जरा जास्त वाटते. समोरचा खुनांविषयी बोलत असतो, हा फळाविषयी; दोघांचीही वाक्ये आपापल्या जागी अर्थपूर्ण असतात आणि म्हणून कोणालाच थांबून विचारावेसे वाटत नाही. चेहऱ्यांचे साम्य हे कथेचे केवळ निमित्त आहे. घोळ चालतो तो या दुहेरी संभाषणावर.

उत्तर : रंगपीठ

वरच्या विवेचनात नाट्यपरंपरेचा एक धागा जोडतो. एकसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांचा घोटाळा हा इटलीच्या मातीतला फार जुना माल आहे. इसवी सनापूर्वीच्या रोममध्ये प्लॉटस या नाटककाराने हरवलेल्या जुळ्या भावांवर नाटक लिहिले. तेच शेक्सपिअरच्या जुळ्यांच्या नाटकाचे मूळ, आणि तेथून गुलजार यांच्या 'अंगूर'पर्यंतची वाट आपल्याकडच्या प्रेक्षकांना ठाऊक आहे. अठराव्या शतकात व्हेनिसचा नाटककार गोल्दोनी याने एक जुळा गावंढळ आणि दुसरा हुशार अशी वाटणी करून दोन्ही भूमिका एकाच नटाकडे दिल्या. इटालियन विनोदी नट तोतो यांच्या चित्रपटांनीही हा मसाला मनमुराद वापरला.

या परंपरेत घोळ सुटतो तो साधारणपणे दोन्ही जुळे एकाच वेळी रंगमंचावर आले की. बेनिन्यी यांनी येथे नात्याचा आधारच काढून घेतला आहे. दान्ते आणि जॉनी भाऊ नाहीत. त्यांच्या साम्याला कारणच नाही, आणि कोणी ते मागतही नाही. शिवाय प्लॉटसच्या जुळ्यांना आपल्याबाबत काय घडते आहे हे कळत नाही, येथे मात्र एका बाजूला सगळे ठाऊक आहे. विनोदाखाली सतत मृत्यूची टांगती तलवार राहते ती यामुळे.

अभिनयाकडेही पाहावे. दान्तेचे हातपाय सांध्यांतून सैल झाल्यासारखे चालतात, त्याचे आनंद आणि भय दोन्ही सर्वांगावर उमटतात. धडपडण्याच्या विनोदाची ही जुनी इटालियन शाळा आहे. जॉनी त्याच्या उलट, आखडलेला, चिडका, हुकूम सोडणारा, आणि लपून बसावे लागल्यामुळे हट्टी मुलासारखा किरकिरा झालेला. माझा सर्वांत आवडता क्षण म्हणजे साऱ्या पालेर्मोला जे साम्य लख्ख दिसते त्याविषयी खुद्द जॉनी तुच्छतेने म्हणतो की, हा माणूस माझ्यासारखा मुळीच दिसत नाही. हे वाक्य तेथील प्रेक्षकांच्या तोंडी बसले यात आश्चर्य नाही. आपल्यासारखा दुसरा कोणी असू शकतो, हे गर्विष्ठ माणसाला कसे पटावे?

उत्तर : सरळरेषा

रचनेचे कौतुक मलाही मान्य आहे, परंतु काळाचा संदर्भ सोडून या चित्रपटाचे मोजमाप करता येणार नाही. पालेर्मोच्या तुरुंगालगत खास बांधलेल्या न्यायालयात माफियावरचा महाखटला १९८६ मध्ये सुरू झाला आणि १९८७ च्या डिसेंबरमध्ये तीनशेहून अधिक आरोपी दोषी ठरले. त्यामागे तोम्मासो बुशेत्तासारख्या, माफियातून फुटून न्यायाधीशांपुढे बोललेल्या माणसांच्या जबान्या होत्या. म्हणजे जॉनीसारखा फितूर म्होरक्या इटालियन प्रेक्षकाला रोजच्या वर्तमानपत्रातून परिचयाचा होता. २९ ऑगस्ट १९९१ रोजी, खंडणी देण्यास जाहीर नकार देणारे पालेर्मोचे कापड उद्योजक लिबेरो ग्रास्सी यांची हत्या झाली, आणि त्याच शरद ऋतूत हा चित्रपट इटलीत प्रदर्शित होऊन त्याने गर्दीचे विक्रम मोडले. पुढच्या वर्षी २३ मे रोजी न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि १९ जुलै रोजी पाओलो बोर्सेल्लिनो बाँबस्फोटांत मारले गेले.

हे ध्यानात घेतले की वाहतुकीच्या भाषणातली धार अधिक बोचते आणि मंत्र्याच्या प्रसंगावरचे हसू घशात अडकते. मात्र तेवढ्यानेच एक उणीवही उघडी पडते. जॉनीच्या हातून मेलेल्यांचे दुःख चित्रपट ओझरतेच दाखवतो; गंभीर बाजू दिसू लागली की लगेच केळे पुढे येते. आणि मारियाचे मनपरिवर्तन मला अजिबात पटले नाही. ज्या स्त्रीने एका अनोळखी माणसाला थंड डोक्याने बळी देण्याचा बेत रचला, ती त्याच्या निरागसपणाने विरघळून शेवटी नवऱ्यालाच शत्रूंच्या हवाली करते, आणि हा एवढा मोठा निर्णय घडतो कधी, ते आपल्याला धड दिसतही नाही. दोन्ही पुरुषांवर खर्च केलेल्या मेहनतीच्या निम्मी जरी तिच्यावर केली असती तरी शेवट भक्कम झाला असता.

सायंप्रकाश

सर्वांचा आभारी आहे. दान्तेच्या छोट्या अपराधाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. माझ्या शंकेचे उत्तर त्यात आहे. एक गोष्ट मात्र अजून खटकते. वकील ज्या पांढऱ्या भुकटीला, म्हणजे कोकेनला, मधुमेहाचे औषध म्हणतो ती दान्ते भाबडेपणाने चेझेनाला घेऊन येतो आणि बसमधल्या लिल्लो या मधुमेही मुलाला देतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलावर चित्रपटाचा शेवटचा विनोद बेतणे मला रुचले नाही. आपल्याला काय वाटते?

पडद्याआडून

तो प्रसंग आज अवघडल्यासारखा करतो, हे खरे आहे, आणि आज कोणी तो त्याच पद्धतीने लिहील असे मला वाटत नाही. तरीही रचनेच्या दृष्टीने तो तेथे का आहे, हे पाहण्यासारखे आहे. जॉनी मेला, बेत उधळला, दान्ते सुखरूप परतला, तरी दान्तेला सांगितलेले एक खोटे कोणीच दुरुस्त केलेले नाही. मारिया त्याला घरापर्यंत आणून सोडते, पण खरे काय घडले ते सांगत नाही. त्यामुळे पालेर्मोची ती सवय, म्हणजे घातक गोष्टीला साळसूद नाव देण्याची, दान्तेच्या खिशातून चेझेनाला पोहोचते आणि झळ बसते ती तिथल्या सर्वांत निष्पाप मुलाला. सरळरेषा यांनी जॉनीच्या बळींविषयी जो आक्षेप घेतला आहे, त्याला चित्रपटाने दिलेले हेच एक, काहीसे आडवळणाचे उत्तर असावे.

याच दोघा लेखकांच्या १९९७ मधील, नाझी छळछावणीत घडणाऱ्या 'ला व्हिता ए बेल्ला' ('लाइफ इज ब्युटिफुल') या चित्रपटाशी हे ताडून पाहावे. तेथेही प्रत्येक भीषण गोष्टीला दुसरेच नाव दिले जाते, पण ते देणारा बाप डोळे उघडे ठेवून, मुलाला वाचवण्यासाठी देतो. दान्तेच्या बाबतीत नावे देणारे दुसरेच आहेत, आणि त्याला वाचवण्याचा त्यांचा मुळीच विचार नाही.

सरळरेषा

लिल्लोविषयीचा खुलासा विचार करण्याजोगा आहे, आणि मी तो प्रसंग त्या नजरेने पुन्हा पाहीन. मारियाविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. तिने गप्प राहणे हे पालेर्मोच्या सवयीत बसते असे मानले, तरी तिने दान्तेला का वाचवले याचे उत्तर त्यातून मिळत नाही.