मदत हवी आहे: जुन्या डब्ल्यूआरएक्सचा एक्झॉस्ट कुठून बदलायला घेऊ?

मंडळी, माझ्या २००२ च्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सचा मागचा सायलेन्सर सांध्याजवळ गंजून भोक पडलंय, बोट लावलं की पापुद्रे हातात येतात. बदलायचाच आहे, तर टर्बोपासून (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) मागेपर्यंत ३ इंची पाइप टाकावा का? डाउनपाइप (टर्बोनंतरचा पहिला पाइप) मोकळा केला की बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब, मर्यादेबाहेर चढू शकतो, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून करून घेणारच आहे. खरी धास्ती अप-पाइपची, म्हणजे इंजिनाकडून टर्बोकडे धूर नेणाऱ्या पाइपची. त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) टर्बोच्या आधी बसतो. तो फुटला तर तुकडे थेट टर्बोच्या फिरत्या चाकात, टर्बाइनमध्ये! आधी तोच काढावा का? बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या) इंजिनाची ती घरघर मला जिवापाड आवडते, त्यामुळे ती घालवणारे समान लांबीचे हेडर (इंजिनातून धूर बाहेर काढणारे पाइप) नकोतच. पण हायवेवर डोकं उठवणारा घुमारा रेझोनेटरने (आवाज दाबणारा जादा डबा) खरंच कमी होतो का? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.