इंग्लंडच्या कालव्यांवरील वर्तुळमार्ग सात रात्रींत पुरा होतो का?

प्रश्न – केळीबाग (यावल तालुका)

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी आणि जावई बर्मिंगहॅमला राहतात. पुढच्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडे जळगाव-भुसावळला घराबाहेर पाय टाकवत नाही अशा दिवसांत, आम्ही उभयता, माझा धाकटा भाऊ आणि भावजय असे चौघे त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथील जुन्या कालव्यांवर भाड्याने मिळणारी नॅरोबोट घेऊन सहा जणांनी एक आठवडा बोटीवरच राहावे, असे मुलीने सुचविले आहे. ही बोट जेमतेम सात फूट रुंद आणि साठ फुटांच्या आसपास लांब असते, ती चालविण्यासाठी परवाना लागत नाही आणि भाड्याने देणारे निघण्यापूर्वी तासभर शिकवितात, एवढी माहिती मी मिळविली आहे.

आलेल्या वाटेनेच परत येण्यापेक्षा वेगवेगळे कालवे जोडून तयार झालेल्या वर्तुळावरून फिरून मूळ जागी यावे, असे आम्हा सर्वांना वाटते. फोर काउंटीज रिंग, चेशायर रिंग आणि स्टोरपोर्ट रिंग ही तीन नावे पुढे आली आहेत. नकाशावर तिन्ही साधारण शंभर मैलांच्या आत-बाहेर दिसतात, आणि दिवसाला पंधरा मैल म्हणजे काहीच नाही असे माझे गणित आहे. हतनूरच्या कालव्याच्या काठावर जन्म गेला असला तरी कालव्यातून प्रवास करण्याची ही पहिलीच वेळ असल्याने, हे गणित बरोबर आहे काय आणि तिन्हींपैकी कोणता मार्ग निवडावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्या पत्नीच्या गुडघ्याचे दुखणे आहे, हेही लक्षात घ्यावे.

उत्तर १ – निवृत्त पाटकरी (भडगाव)

केळीबाग नाना, नमस्कार.

आपले गणित मैलांचे आहे आणि चूक तेथेच आहे. तिकडे अंतर मैलांत मोजत नाहीत, लॉकमध्ये मोजतात. लॉक म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील जलपाश: दोन दरवाज्यांमधील दगडी हौद, ज्यात बोट घालून पाणी भरले की ती वरच्या पातळीला जाते आणि पाणी सोडले की खाली उतरते. ही सगळी कामे आपणच करायची असतात. दरवाज्याच्या झडपा विंडलास नावाच्या लोखंडी हॅण्डलने फिरवून उघडायच्या, दोन्ही बाजूंची पातळी एक होईपर्यंत थांबायचे, आणि मग दरवाज्याच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून ती रेटायची. पातळी चार बोटे जरी वेगळी असली तरी चार माणसांनी रेटूनही दरवाजा हलत नाही, आणि एक झाली की शाळकरी पोरगाही तो उघडतो.

हिशोबाची जुनी रीत अशी की मैल आणि लॉक यांची बेरीज करावी आणि तिने भागावे. जे उत्तर येईल तितके तास बोट चालवावी लागते. सराईत मंडळी चाराने भागतात, पण आपण तिनानेच भागावे. फोर काउंटीज रिंग सुमारे ११० मैलांची असून तिच्यावर ९४ लॉक आहेत. बेरीज झाली २०४, म्हणजे ६८ तास. बोट शनिवारी दुपारी ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास परत द्यावी लागते, म्हणून सात रात्रींत पूर्ण दिवस सहाच मिळतात. पहिल्या दुपारचे तीन तास धरले तरी दररोज जवळजवळ अकरा तास पडतात, आणि त्यात पाणी भरणे, जेवण आणि पुढे लॉकसाठी रांगेत उभ्या असलेल्या बोटी धरलेल्या नाहीत. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे हे अशक्य नाही. परंतु त्याला सुट्टी म्हणणे मला जड जाते. चेशायर रिंगची बेरीज ९७ अधिक ९२ अशी जवळपास तितकीच आहे. स्टोरपोर्ट रिंग अंतराने कमी असली तरी तिच्यावर शंभराहून अधिक लॉक आहेत आणि त्यांतील तीस टार्डेबिग येथे दोन-सव्वादोन मैलांत एकामागून एक येतात. शिवाय तिचा एक भाग सेव्हर्न नदीतून जातो. नदी ती नदीच; पूर आला की तिच्यावरची भाड्याची बोट थांबते, मग वर्तुळ अर्धे राहो की पाऊण.

तीन वर्षांपूर्वी मी मुलाच्या कुटुंबासह फोर काउंटीज रिंग केली ती दहा रात्रींत. बरेच बोटवाले आठवड्याच्या भाड्याला तीन-चार रात्रींचा छोटा भाडेकाळ जोडून देतात, तेव्हा त्याची चौकशी करावी. दहा रात्रींत नऊ पूर्ण दिवस मिळतात आणि दररोजचे काम सात-साडेसात तासांवर येते.

आम्ही मिडलविचहून निघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलो. त्या बाजूने गेल्यास ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरील हार्टब्रेक हिल नावाचा चढ आरंभीच येतो. व्हीलॉकपासून किड्सग्रोव्हपर्यंत सुमारे सात मैलांत २६ लॉक. चढ संपला की हेअरकॅसल बोगदा लागतो. जेम्स ब्रिंडलीचा येथील पहिला बोगदा १७७७ मध्ये खुला झाला आणि तो अपुरा पडू लागला म्हणून टॉमस टेलफोर्डने शेजारी दुसरा खोदला, तो १८२७ चा. बोटी आता टेलफोर्डच्याच बोगद्यातून जातात. लांबी सुमारे पावणेतीन किलोमीटर आणि रुंदी एकाच बोटीची, त्यामुळे एका बाजूच्या बोटी बाहेर पडल्याशिवाय दुसऱ्या बाजूच्या सोडत नाहीत. तेथील कर्मचारी भोंगा आणि दिवा तपासून मगच आत जाऊ देतो. डोंगरातील लोहखनिजामुळे तेथे पाण्याचा रंग चक्क गेरूसारखा आहे. चाळीस मिनिटे डोके खाली घालून अंधारात सुकाणूचा दांडा धरून उभे राहावे लागते, आणि दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या उलट बाजूला बोट वळते, हे तोपर्यंत अंगवळणी पडलेले असले म्हणजे बरे.

कठीण ते आधी आटोपावे, हातापायांत जोर असेपर्यंत, असे माझे मत आहे.

एक गोष्ट मात्र निवड कोणतीही केली तरी लक्षात ठेवावी. लॉकच्या वरच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पाण्याखाली दगडाचा उंबरा असतो आणि तो कोठपर्यंत येतो हे काठावर पांढऱ्या रेघेने दाखविलेले असते. खाली उतरताना बोटीचा मागचा भाग त्या रेघेच्या पुढेच ठेवावा लागतो. ऑडलेम येथील पंधरा लॉक उतरताना, सातव्या की आठव्या लॉकमध्ये, मी नातवाशी बोलण्याच्या नादात बोट हातभर मागे येऊ दिली. पाणी उतरत होते, नाक खाली चालले होते आणि शेपूट मात्र जागचे हलेना. टेबलावरचा चहाचा कप घरंगळत गेल्याचा आवाज आतून आला तेव्हा काय झाले ते उमगले. सूनबाईंनी खालच्या दोन्ही झडपा ताबडतोब पाडल्या, मुलाने धावत जाऊन वरच्या झडपा हळूहळू उघडून पाणी पुन्हा भरले, तेव्हा बोट सरळ झाली. आणखी अर्धा मिनिट गेले असते तर ती तेथेच बुडाली असती. पस्तीस वर्षे पाटाचे पाणी सोडण्या-अडविण्यात घालविलेल्या माणसाची ही तऱ्हा.

उत्तर २ – अमळनेरची लेक (सध्या मँचेस्टर)

नाना आणि आबा, दोघांनाही नमस्कार.

आबांचा हिशोब अचूक आहे, दिशेबाबत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. कारण सांगण्यापूर्वी चेशायर रिंगविषयी थोडे लिहिते, कारण ती माझ्या घराजवळून जाते.

चेशायर रिंगमध्ये सहा कालवे आहेत आणि निसर्गाच्या दृष्टीने मॅकल्सफील्ड कालव्यासारखा सुंदर भाग फोर काउंटीजवर नाही. परंतु हार्टब्रेक हिल तिच्यातही आहेच, शिवाय बॉझलीचे १२, मार्पलचे १६, ॲश्टनचे १८ आणि मँचेस्टर शहराच्या मध्यातून जाणारे रॉचडेल कालव्याचे ९ लॉक आहेत. हे शेवटचे नऊ दुप्पट रुंदीचे असून त्यांचे दरवाजे फार जड आहेत. शहरातील काही लॉकना टवाळांच्या भीतीने वेगळी किल्ली लागते. गुडघ्याचे दुखणे असलेल्या काकूंना सुकाणूवर उभे करून बाकीच्यांनी लॉक सांभाळले तरी हे दोन दिवस सगळ्यांनाच जड जातील.

याहून महत्त्वाचे म्हणजे वर्तुळाचा एक दुवा तुटला की वर्तुळ राहत नाही. १ जानेवारी २०२५ रोजी अतिवृष्टीनंतर डनहॅम मॅसीजवळ ब्रिजवॉटर कालव्याचा भराव फुटला आणि चेशायर रिंग त्या ठिकाणी तुटली. फोर काउंटीजलाही असा अनुभव आहे. मार्च २०१८ मध्ये मिडलविच शाखा फुटली आणि डिसेंबरपर्यंत बंद राहिली. लॉकच्या झडपा कोणीतरी उघड्या ठेवून गेल्यामुळे पाणी काठावरून वाहिले आणि भराव खचला, असे कालव्यांची देखभाल करणाऱ्या ट्रस्टने तेव्हा सांगितले होते. चारीचे दार रात्री उघडे राहिल्यावर काय होते हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. याउलट २०२५ च्या उन्हाळ्यात पाऊस इतका कमी झाला की जलाशय आटले आणि उत्तरेकडील कित्येक लॉक पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. एक बोट एका लॉकमधून गेली की लाखभर लिटर पाणी वरून खाली जाते, त्यामुळे दुष्काळात पहिली बंदी बोटींवरच येते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, ट्रस्टच्या संकेतस्थळावरील बंदच्या सूचना वाचाव्यात. ब्रिजवॉटर कालवा ट्रस्टच्या ताब्यात नाही, त्याच्या सूचना वेगळ्या असतात.

आता दिशा. मिडलविचहून घड्याळाच्या उलट दिशेने निघाल्यास प्रथम वॉर्डल कालवा लागतो, जो अवघा १५४ फूट लांब असून सबंध देशातील सर्वांत आखूड कालवा समजला जातो. त्यानंतर मिडलविच शाखेचे दहा मैल येतात. या संपूर्ण टप्प्यात लॉक फक्त चार आहेत, म्हणजे नवशिक्यांना शिकायला पुरेसा वेळ मिळतो. पुढे श्रॉपशायर युनियन कालव्यावर ऑडलेमचे पंधरा आणि ॲडर्लीचे पाच लॉक आपण चढत जातो. चढताना उंबऱ्याचा धोका नसतो, हा त्यातला मोठा फायदा आहे. फक्त वरच्या झडपा सावकाश उघडाव्यात, नाहीतर पाण्याच्या लोटाने बोट आपटते. मार्केट ड्रेटनला पोहोचेपर्यंत आपला वेग किती आहे हे कळून चुकते. कमी पडत असेल तर तेथे बोट वळवून आलेल्या वाटेने परत यावे. आबांच्या दिशेने गेल्यास हार्टब्रेक हिल चढून झाल्यावर मागे फिरायचे म्हणजे तेच लॉक पुन्हा उतरायचे, आणि मग मनुष्य हट्टाने पुढेच जातो. आमच्या ओळखीतील एका कुटुंबाने तसे केले आणि शेवटचे दोन दिवस पहाटे पाचपासून बोट चालविली. घरी आल्यावर नवरा-बायको आठवडाभर एकमेकांशी नीट बोलत नव्हते.

स्वयंपाकाचे म्हणाल तर बोटीवर गॅसची शेगडी असते. कळण्याचे पीठ सोबत नेता येईल, परंतु वांगी भाजताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, कारण धुराचा गजर फार कर्कश असतो. हे अनुभवाने सांगते.

उत्तर ३ – पांझराकाठ (धुळे)

सात रात्रीच असतील तर वर्तुळाचा आग्रह सोडून लँगॉलेन कालव्याने जाऊन-येऊन करावे, असे मी सुचवितो. हर्लस्टनपासून लँगॉलेनपर्यंत लॉक केवळ २१ आहेत, आणि वाटेत टेलफोर्डचा पाँटकसिल्टे जलसेतू लागतो. १८०५ साली खुला झालेला हा सेतू नदीपासून सुमारे ३८ मीटर उंचीवर लोखंडी द्रोणीतून कालवा नेतो. त्याच्या एका बाजूला पाऊलवाट व कठडा आहे, दुसऱ्या बाजूला बोट आणि दरी यांमध्ये काही नाही. परतताना तीच वाट दुसऱ्या दिशेने पाहिली की ती वेगळी दिसते, असा माझा अनुभव आहे. साठ फुटांची बोट वाटेल तेथे वळत नाही, तिच्यासाठी ठरावीक रुंद जागा असतात. त्या नकाशावर आधीच पाहून ठेवाव्यात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – केळीबाग (यावल तालुका)

आबा, ताई आणि धुळ्याचे भाऊ, आपण तिघांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार.

काल रात्री मुलीशी बोललो. जावयांना सलग दहा दिवसांची रजा मिळू शकेल असे दिसते. मिळाली तर दहा रात्री घेऊन फोर काउंटीज करू, आणि ताईंनी सांगितलेल्या उलट दिशेने जाऊ. आबांचे म्हणणे पटत नाही असे नाही, पण आमच्यात दोन माणसे दरवाजा रेटण्याच्या कामाची नाहीत आणि मागे फिरण्याची सोय असलेली बरी. रजा सातच दिवसांची मिळाली तर लँगॉलेन. सौभाग्यवतींनी सुकाणू आपल्याकडे घेण्याचे मान्य केले आहे, फक्त बोगद्यात तो माझ्या भावाने धरावा अशी अट घातली आहे.

एकच शंका उरते. उलट दिशेने गेल्यास हार्टब्रेक हिल शेवटी आणि उतरताना येणार, म्हणजे आबांनी सांगितलेला उंबरा तेथे प्रत्येक लॉकमध्ये असणार.

उत्तर ४ – निवृत्त पाटकरी (भडगाव)

असणारच, नाना. त्यासाठी एका माणसाने दुसरे कोणतेही काम न करता केवळ पांढऱ्या रेघेकडे पाहत काठावर उभे राहावे, आणि त्याने हात वर केला की झडपेवरच्या माणसाने कारण न विचारता झडप पाडावी. हे काम आपल्या भावजयींना द्या. त्या उतारावर बरेचसे लॉक जोडीने शेजारी-शेजारी बांधलेले आहेत, तेव्हा दोहोंपैकी ज्यात पाणी आधीच वरपर्यंत भरलेले असेल त्यात बोट घालावी. वेळ वाचतो आणि पाणीही. शेवटच्या रात्री मिडलविचपासून तासाभराच्या अंतरावर मुक्काम करा, सकाळी नऊला बोट परत देताना धावपळ होणार नाही.