शब्दचर्चा : ‘क्रोमॅटिन’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा (मिरज) : रेट सिंड्रोम (मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा एक दुर्मीळ आजार) झालेल्या मुलींच्या पालकांसाठी मी दोन पानांचे माहितीपत्रक मराठीत लिहीत आहे. ‘क्रोमॅटिनशी निगडित प्रथिने जनुकांचे नियंत्रण करतात आणि त्यांत बिघाड झाल्यास आनुवंशिक आजार होतो’ असे एक वाक्य त्यात येते. क्रोमॅटिनसाठी मी ‘रंगद्रव्य’ हा शब्द योजला आणि मसुदा तासगावकडच्या एका आईला वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारले, “म्हंजे पुढं हिच्या अंगावर पांढरे डाग उठणार का?” हा शब्द मोडीत निघाला हे उघड आहे, दुसरा कोणता वापरावा?

उत्तर (सातारा) : ताई, त्या आईंचे काहीच चुकले नाही, कारण मराठीत रंगद्रव्य म्हटले की कातडी आणि केसच आठवतात. मुळात १८८०च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी, पेशीच्या केंद्रकातला जो भाग रंजकाने चटकन रंगतो, त्याला ग्रीक ‘क्रोमा’ म्हणजे रंग यावरून हे नाव दिले. म्हणजे रंग बाटलीतला होता, पेशीतला नव्हे. क्रोमोसोमलाही ‘रंगसूत्र’ म्हणत, परंतु ‘गुणसूत्र’ रुळले, कारण ते काम सांगते. माझ्या मते ‘क्रोमॅटिन’ तसेच ठेवावे आणि पहिल्यांदा येईल तेथे ‘डीएनए व त्याला बिलगलेली प्रथिने यांची गुंडाळण’ एवढा खुलासा जोडावा.

उत्तर (विटा) : गुंडाळण म्हणता, तर आमच्या यंत्रमागावरची सूत गुंडाळलेली ‘कांडी’ का नको? एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो आणि हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती त्याच्या १४७ जोड्यांचे (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या म्हणा) जेमतेम पावणेदोन वेढे बसतात. अशा लक्षावधी कांड्या एका ओळीत, एकाच सुतावर.

उत्तर (सातारा) : चित्र सुरेख आहे, पण धोट्यातल्या कांडीवरचे सूत एकदा उलगडले की संपते, तर पेशीत तेच सूत सैल होते, वाचले जाते आणि पुन्हा आवळले जाते, आणि आजार समजावताना हाच फरक महत्त्वाचा ठरतो. काही प्रथिने डीएनएवर किंवा हिस्टोनवर रासायनिक खुणा करतात, काही त्या पुसतात, काही फक्त वाचतात. रेट सिंड्रोममध्ये बहुधा एमईसीपी२ हे खूण वाचणारे प्रथिन बिघडलेले असते, हे १९९९ मध्ये उघड झाले. डीएनएवरच्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा ओळखून तेथे जनुकाला आवरणारी इतर प्रथिने आणून बसवणे हे त्याचे एक मुख्य काम. खुणा जागेवर असतात, वाचणारा चुकतो. म्हणून ‘खूण करणारी, वाचणारी, पुसणारी प्रथिने’ हे साधे शब्द मला ‘कांडी’पेक्षा उपयोगी वाटतात. शिवाय ‘नियंत्रण’ऐवजी ‘नियमन’ लिहावे : साथीचे आपण नियंत्रण करतो, कोयनेतून सोडायच्या पाण्याचे नियमन करतो, आणि जनुकाच्या बाबतीतही प्रश्न किती आणि केव्हा एवढाच असतो.

उत्तर (सांगली) : सगळे क्रोमॅटिनवर अडून बसले आहेत, पण खरा घातक शब्द त्या वाक्यात ‘आनुवंशिक’ हा आहे. आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेला. जनुकीय म्हणजे जनुकातल्या बदलाने झालेला. रेट सिंड्रोममधला बदल बहुतेक मुलींमध्ये नव्यानेच झालेला असतो, आईबापांत तो आढळत नाही. ‘आनुवंशिक’ छापलेत, तर सासरी सुनेच्या माहेराचा उद्धार पहिला होईल. ‘जनुकीय’ लिहावे, आणि नव्याने होणाऱ्या बदलाचे वाक्य स्वतंत्र द्यावे.

विचारणा (मिरज) : सर्वांचे आभार. आता मजकूर असा केला आहे : ‘डीएनएवरच्या खुणा वाचून जनुकांचे नियमन करणारे एक प्रथिन या मुलींमध्ये नीट काम करत नाही. हा आजार जनुकीय आहे; मात्र बहुतेक वेळा तो आईवडिलांकडून आलेला नसतो.’ क्रोमॅटिन हा शब्द खालच्या परिच्छेदात खुलाशासह ठेवला आहे. त्याच आईंना पुन्हा वाचायला दिले. दुसऱ्या वाक्याखाली बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे जरा मोठ्या अक्षरात छापा.”